ओतारीकाका आणि चार भोकं

ओतारीकाका रस्त्याने चालताना कधी समोर बघायचे नाहीत. नजर कायम फुटपाथच्या कडेला, गटाराच्या जाळीपाशी. पहिल्यांदा दिसले तेव्हा मला वाटलं, बिचाऱ्यांचं काहीतरी हरवलंय. "काका, मीही शोधू का?" म्हटलं, तर त्यांनी खिशातून मूठभर काळपट तुकडे काढून दाखवले. चाकाचा तोल साधायला रिमवर शिशाचे तुकडे लावतात, ते वळणावर निसटून पडतात, आणि आमच्या या परदेशी गावात, अप्पर हटमध्ये, वळणं भरपूर. "फुकटचं शिसं आहे गं, आणि लोक त्यावरून गाड्या नेतात!" ते अगदी हळहळून म्हणाले.

आडनाव त्यांचं वेगळंच. ओतारी हे आम्हा मराठी मंडळींनी ठेवलेलं नाव. शेजारच्या लोअर हटच्या एका फाउंड्रीत पंचवीस वर्षं ओतकाम केलं आणि निवृत्त झाल्यावर तेच घरच्या गॅरेजात सुरू केलं. दर शनिवारी ते डोंगरापलीकडच्या पिस्तूल क्लबात रिव्हॉल्वर चालवायचे आणि त्याच्या गोळ्या या वेचलेल्या शिशातून स्वतः ओतायचे. साचा गार असला की गोळीला सुरकुत्या पडतात. तशी गोळी चिमट्याने उचलून परत भांड्यात. "सुरकुतली की वितळवायची. माणसाची अशी सोय नाही बघ," म्हणत आणि स्वतःच हसत.

दुकानातल्या, तांब्याचं कवच चढवलेल्या गोळ्यांना ते 'हॉटेलचं जेवण' म्हणायचे. "पोट भरतं, पण कुणी रांधलंय ते कळत नाही." त्यांच्या नादाने मीही क्लबात नाव घातलं. माझ्या नवऱ्याने कपाळाला हात लावला.

मग काकांचं मनगट धरलं. गोळी सुटली की रिव्हॉल्वर वर उसळतं, तो झटका सोसेना. काकू ओव्याच्या पुरचुंडीने शेकायच्या. दोन शनिवार चुकले, आणि तिसऱ्या शनिवारी काका म्हणाले, "आता सोडावं म्हणतो." तो माणूस गोळ्या ओतणार नाही, ही कल्पनाच मला सहन होईना.

मी पुण्याची, त्यात मेकॅनिकल इंजिनिअर. दुसऱ्याचं भलं केल्याशिवाय आम्हाला अन्न पचत नाही. चार रात्री वाचून काढल्या आणि उपाय सापडला. नळीच्या तोंडाशी, वरच्या अंगाला चार भोकं पाडायची. गोळीमागचा गरम वायू तिथून वर सुटतो, नळी खाली दाबली जाते, झटका कमी. काकांच्या सत्तरीची भेट म्हणून मी ठरवूनच टाकलं आणि त्यांना गाडीत घालून बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे नेलं. वाटेत ते एकदाच म्हणाले, "शिशाच्या गोळीला चालेल का गं ते?"

"काका, फिजिक्स आहे! न चालायला काय झालं?" मी म्हणाले. मग ते खिडकीतून फुटपाथच्या कडेला शिसं शोधत बसले.

झटका कमी झाला, अगदी खरंच झाला. पण शिसं पडलं मऊ. भोकांच्या कडांवर ते तासलं जायचं आणि गोळीला लावलेल्या मेणासकट वर उडायचं. सहा गोळ्यांत नळीवरची नेम धरायची खूण काळी पडायची. शेजारी उभे राहणारे दोन हात लांब सरकले. क्लबाचा ब्रूस तेवढा, "होईल नीट, स्वीट ॲज," म्हणजे एकदम झकास, म्हणत राहिला. काका चहाच्या टेबलाशी बसून जाड सुईने भोकांत अडकलेलं शिसं कोरून काढायचे. मी विचारलं की म्हणायचे, "छान झालंय. मनगट वाचलं माझं." आणि मी शहाणी, त्यावर विश्वास ठेवला.

माझे डोळे उघडले तेव्हा उशीर झाला होता. तांब्याच्या गोळ्यांचा खोका आणून दिला. त्यांनी माझ्या समाधानासाठी सहा मारल्या, बाकीचा खोका कपाटात. दुसरी नळी शोधली, तर ते मॉडेल बंद होऊन जमाना झालेला. भोकं पाडायला तासभर लागला होता. ती बुजवून देतो म्हणणारा माणूस मला या देशाच्या दोन्ही बेटांवर मिळाला नाही.

पुढे काकांचं पोट दुखायला लागलं, हातांना मुंग्या यायच्या, नावं विसरायला लागले. रक्तात शिसं निघालं, हीप्स, म्हणजे ढीगभर. डॉक्टरांनी ओतकाम बंद केलं, नेमबाजी बंद केली. हे गॅरेजातल्या धुराने झालं की माझ्या भोकांनी, ते सांगता येत नाही म्हणाले. कुणी "तुझ्यामुळे" म्हटलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

मी काकूंसमोर रडले. त्या पोळ्या लाटत होत्या, लाटणं न थांबवता म्हणाल्या, "त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं गं. जन्म गेला ओतण्यात, त्यांना नाही कळणार? म्हणाले, पोरीने एवढ्या हौसेने केलंय, तिला कुठे नाही म्हणू."

क्लबात ठरावीक हजेरी भरली नाही तर शस्त्र ठेवता येत नाही. काकांनी ते माझ्या नावावर करायचं ठरवलं. मी नको-नको म्हटलं, कोण ऐकतो! पोलिसांचे कागद झाले. शनिवारी ते क्लबाच्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसले, त्यापुढे, शिशाच्या धुरात, यायची त्यांना डॉक्टरांची मनाई. उरलेल्या गोळ्यांची डबी माझ्या हातात दिली. "एकदा माझ्या गोळ्यांनी मार. मला बघायचंय."

तोवर मी त्या नळीतून त्यांची गोळी कधी मारलीच नव्हती. एवढी मोठी इंजिनिअर, पण एकदाही नाही! पहिली सुटली आणि कपाळावर, गालावर गरम कण बसले. चष्मा मेणाने धुरकटला, घशात काहीतरी कडवट उतरलं. शनिवारमागून शनिवार हे त्यांनी तोंडावर झेललं होतं. मी सहाच्या सहा मारल्या. मधे थांबायची हिंमत झाली नाही. रिव्हॉल्वर रिकामं करून टेबलावर ठेवलं, कानांवरची आवाज अडवणारी झाकणं काढली.

"झटका बसला का?" काकांनी दारातून विचारलं.

"नाही काका. अजिबात नाही," मी म्हणाले, आणि ते खरंच होतं. चष्मा काढून मी डोळे पुसायला हात वर केला, तसे ते खुर्चीतून अर्धे उठले आणि जीव खाऊन ओरडले, "हात धू आधी, पोरी! शिसं आहे ते!"