मोकळ्या कपाळाचं चित्र

इकडे हिंदी मुलखात, बोरसीत तीळपापडी बनवणाऱ्या एका शेठजींना संक्रांतीच्या पाकिटावर 'घर की माँ' हवी होती. पाकिटांवरची चित्रं काढून मी पोट भरतो. अशा आया आजवर ढिगाने काढल्या. सगळ्या गोऱ्या, गुबगुबीत, खोट्या. या वेळी म्हटलं, खरी काढू. मरोद्यातल्या आमच्या घरी आई अंगणात तीळ पाखडत होती. तिलाच सांगितलं, हलू नकोस.

"मले कावून बसवतं? तुहे बाबा गेल्यापासून कोन माहं तोंड पाह्यते?" असं म्हणाली, पण केस मात्र नीट केले.

पेन्सिलीचं रेखाटन एका बैठकीत उतरलं. वाकलेली मान, सुपावरची बोटं आणि मोकळं कपाळ. बाबा स्टील प्लांटमधून रिटायर झाल्यावर वारले, तेव्हापासून तिने कुंकू लावलं नाही आणि कॉलनीतल्या मराठी बायकांनी तिला हळदीकुंकवाला बोलावलं नाही. आधी वर्षानुवर्षं तो सगळा कार्यक्रम हीच उभा करायची.

शेठजींनी रेखाटन लांब धरलं. "माथा सूना है भैया. त्योहार का पैकेट है, अपशगुन लगेगा." मी भांडलो. ते म्हणाले, दुसरा आर्टिस्ट बघतो.

आईला सांगितलं. वाटलं, फाडून टाक म्हणेल.

"घे लावून. कागदालेच त लावाचं हाये," ती म्हणाली. मग हळूच, "पाकिटावर पाह्यतीन त बोलावतीन मले."

मला त्या बायकांचा असा संताप आला की दोन दिवस ब्रश धरवेना. मग रंगीत खर्डा केला, तो पास झाल्यावर मोठा कागद ताणला. आधी पातळ सावल्या, मग कातडीचे थर, मग साडी. लाल मी नेहमी शेवटी लावतो. ओल्यात पसरला तर चेहरा नासवतो. कपाळ पूर्ण वाळू दिलं आणि लावलं. आई मागे उभी राहून बघत होती. चित्र सगळ्यांना आवडलं. मला बघवत नव्हतं.

संक्रांतीच्या आधी कॉलनीतल्या त्याच बायकांच्या महिला मंडळाच्या दोघी घरी आल्या. वाणात द्यायला तीच पाकिटं हवी होती, त्यासाठी मी शेठजींकडे शब्द टाकावा, असं त्यांचं म्हणणं होतं. "काकू, किती गोड दिसता हो! साक्षात अन्नपूर्णा!" देखल्या देवा दंडवत. आईने चहा केला, बिस्किटं काढली. निघताना एकीने माझ्या बायकोला कुंकू लावलं. "शुक्रवारी ये बरं, लवकर." आई कपबशा हातात घेऊन तिथेच उभी होती. तिच्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही.

बायको जायला तयार नव्हती. आईनेच तिला पाठवलं. परतली ती वाणाचं पाकीट घेऊन. देताना त्यांनी रीतीप्रमाणे त्यावर हळदीकुंकू वाहिलं होतं, बरोबर चित्रातल्या आईच्या तोंडावर.

मी ते फेकणार होतो. आईने माझ्या हातातून घेतलं, पदराने पुसलं.

"जाऊन त आली मी," ती म्हणाली.