मर्टी टूमीने पुरं केलेलं काम

मर्टी टूमीने आयुष्यात एकही काम पुरं केलं नव्हतं, आणि त्यावरच त्याचं पोट भरत होतं.

कॉर्क परगण्याच्या त्या डोंगराळ कोपऱ्यात गॉर्टनाक्लॅशला दुसरा प्लंबर नव्हता असं नाही. पण तो वेळेवर यायचा आणि काम संपवून निघून जायचा, त्यामुळे लोकांना त्याच्याबद्दल बोलायला काही उरत नसे. मर्टी एकसष्ट वर्षांचा सडाफटिंग. तो प्रत्येक घरात एक तरी गोष्ट मागे ठेवून यायचा. हॅना मे बकलीच्या न्हाणीतल्या नळाला चार वर्षं मूठ नव्हती. ती पकडीने पाणी सोडायची. डिनीन भावांच्या बाथटबखालची एक बाजू उघडी होती आणि आत मांजर दोनदा व्यायलं होतं. मास्तरीणबाईंच्या संडासाच्या टाकीला झाकण नव्हतं. त्यांनी वर चहाचा ट्रे ठेवला होता, आणि पाहुणे आले की तोच ट्रे खाली यायचा.

"राहिलंय तेवढं करून जातो," असं म्हणत मर्टी नेमका जेवणाच्या वेळी उगवायचा. सोमवारी बकलीकडे खारवलेलं मांस नि कोबी, मंगळवारी डिनीनांकडे मटणाचा रस्सा, बुधवारी-गुरुवारी अशीच आणखी दोन घरं, शुक्रवारी मास्तरीणबाईंकडे मासे. तो बटाटे हाणायचा, तीन गावांच्या भानगडी सांगायचा, आणि राहिलेलं तेवढं राहूनच जायचं.

नोनी क्रिमिन ही अठ्ठ्याहत्तर वर्षांची विधवा त्याला पुरती ओळखून होती. अकरा वर्षांपूर्वी पाळीची मिस्सा, म्हणजे आळीत पाळीपाळीने एकेका घरी होणारी उपासना, तिच्या घरी आली होती. त्या दिवशी फादर घरी येणार, सगळी आळी गुडघे टेकणार, मग न्याहारी होणार. आणि त्याआधी दोन महिने घराला रंग, नवे पडदे, नवा गालिचा, म्हणजे पोरीच्या लग्नाला करणार नाही एवढा थाट. नोनीने न्हाणीघर नवं केलं होतं आणि मर्टीने हात धुवायचं बेसिन भिंतीला टेकवून ठेवलं होतं. "स्क्रू सोमवारी मारतो," तो म्हणाला होता. शनिवारी फादर लिहान हात धुवायला वाकले आणि बेसिन पाण्यासकट त्यांच्या मांडीवर आलं. त्यांनी सगळी मिस्सा ओल्या विजारीत केली. तेव्हापासून गावात त्या मिस्सेला 'नोनीकडचा बाप्तिस्मा' म्हणत.

आता सप्टेंबरात पाळी पुन्हा तिच्याकडे आली होती. ऑगस्टात स्वयंपाकघरातली कोळशाची जुनी शेगडी तडकली, म्हणजे घर तापवायचं साधनच गेलं. नवा बॉयलर हवा होता, आणि तो मिस्सेच्या शनिवारच्या आत. दुसऱ्या प्लंबरकडे नोव्हेंबरपर्यंत वेळ नव्हता. नोनीने देवाला चार शब्द सुनावले आणि मर्टीला बोलावलं.

बॉयलर लागणार होता छोट्या खोलीतल्या गरम कपाटात. त्या कपाटात खाली तांब्याची गरम पाण्याची टाकी होती आणि वर फळ्या. टाकीच्या उबेने फळ्यांवरच्या चादरी, टॉवेल आणि नोनीचे आतले कपडे बारा महिने कोमट राहत. टाकीच्या डोक्यात पाणी तापवायचा विजेचा रॉड उभा खुपसलेला होता. हा रॉड चालू राहिला तर विजेच्या बिलात घरदार बुडेल, अशी तिथल्या माणसांची श्रद्धा. देवावर नसली तरी यावर असते. नोनीचा नवरा जॅकी एकदा नॉकच्या यात्रेला जाताना अर्ध्या वाटेवरून रॉड बंद आहे का ते बघायला गाडी वळवून परत आला होता. बंदच होता. एक रॉड जळाला तेव्हा जॅकीने तो स्वतः वरून उपसून काढला, आणि टाकवेना म्हणून परसात शेंगांच्या वेलाला आधाराला रोवला. जॅकी गेला, रॉड तिथेच होता.

सोमवारी मर्टी आला आणि स्वयंपाकघरात नाक वर करून उभा राहिला.

"कोबी शिजतोय वाटतं?"

"शिजतोय. पण माझ्यापुरता," नोनी म्हणाली. "तुला चहा नि दुकानातली बिस्किटं. जेवण शनिवारी, मिस्सेनंतर. काम पुरं झालं तर."

मर्टी खुर्चीत बसला. "नोनी, माझी आई मरताना म्हणाली होती, गड्याला उपाशी ठेवणाऱ्या घरात पाऊल टाकू नकोस."

"तुझी आई तुझं बेसिन बघायच्या आधी गेली. पुण्यवान बाई. बिस्कीट घे."

त्या घरात दुकानातलं बिस्कीट म्हणजे उघड अपमान. मर्टीने तीन खाल्ली आणि कामाला लागला.

मंगळवारी त्याने वरच्या फळ्या काढल्या, टाकीत नवा रॉड घातला आणि भिंत ठोकून बघितली. मग मोजपट्टी टाकीच्या डोक्यावर टेकवून वर धरली, खाली घेतली, परत धरली. तीनदा मोजलं. मोजताना तो शीळ घालत होता. नोनीला वाटलं, भुकेने का होईना, माणूस नीट काम करायला शिकला. बुधवारी धुराच्या नळीसाठी भिंतीला भोक पडलं आणि डिनीन भावांच्या मदतीने बॉयलर टाकीच्या वर टांगला गेला, कबुतरखान्यासारखा. गुरुवारी नळ्या जोडल्या. शुक्रवारी दुपारी बॉयलर पेटला, खोल्यांतले लोखंडी तापक एकेक करून कण्हत गरम झाले, आणि मर्टी हत्यारं गोळा करायला लागला.

"कपाटाचं दार?" नोनीने विचारलं.

"बिजागरीचे स्क्रू दुसऱ्या पेटीत राहिले. सोमवारी बसवतो."

"मर्टी, उद्या सकाळी फादर या खोलीत पापनिवेदन ऐकणार. त्यांची खुर्ची या कपाटासमोर. आणि उरलेल्या फळीवर माझ्या चड्ड्या आहेत."

"फादरनी याहून भयंकर गोष्टी ऐकल्यात."

"ऐकल्यात. बघितलेल्या नाहीत. आणि बघितल्या असतील तर माझ्या नकोत."

"मग चड्ड्या हलव."

"चाळीस वर्षं त्या तिथे आहेत. तू हल. स्क्रू आण."

मर्टीने तिच्याकडे बघितलं. गॅसच्या चुलीवर दुसऱ्या दिवशीसाठी खारवलेल्या मांसाचा अख्खा तुकडा उकळत होता. त्याने मुकाट्याने खिशात हात घातला आणि स्क्रू काढले. दार लागलं. नळ्यांवर कापड गुंडाळलं गेलं, भोकाच्या कडा सिमेंटने बुजल्या, वर रंगाचा हातसुद्धा फिरला.

शनिवारी मिस्सा झाली. फादर लिहान हात धुताना बेसिनपासून हातभर लांब उभे राहिले, तेवढंच. पापनिवेदनाच्या वेळी दाराआड बॉयलरने एकदा 'हुश्श' केलं; आत तेव्हा धाकटा डिनीन होता, आणि आपलं पाप ऐकून कोणीतरी सुस्कारा टाकला असं वाटून तो पांढरा पडून बाहेर आला.

न्याहारीनंतर सगळी मंडळी बॉयलर बघायला रांगेने गेली, आणि ती रांग मघाच्या ख्रिस्तप्रसादाच्या रांगेपेक्षा कितीतरी भक्तिभावाची होती. हॅना मे बकलीने चष्मा लावला. दार उघडून मिटून बघितलं. नळ्या चाचपल्या. खाली वाकून बघितलं, आणि कंबर धरून उठली.

"काहीच राहिलेलं नाही," ती म्हणाली.

मागचे लोक पुढे घुसून बघायला लागले.

"म्हणजे तुला येतं, मेल्या!" हॅना मे मर्टीकडे वळली. "चार वर्षं मी पकडीने आंघोळ करतेय, आणि तुला येतं!"

"आमचा टब," थोरला डिनीन म्हणाला.

"माझा ट्रे," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"सोमवारी सकाळी ये. एका दिवसात उरक," हॅना मेने फर्मावलं, "आणि जेवणाचं विसर. पुरं होईपर्यंत बिस्किटं. नोनीकडून शिकले मी."

नोनीला वाटलं होतं की या क्षणी आपल्याला फार मजा येईल. अकरा वर्षं ती या दिवसाची वाट बघत होती. पण मर्टीकडे बघितल्यावर तिच्या डोळ्यांसमोर इथून पुढे सोमवार ते शुक्रवार, पाचही दुपारी, या माणसाचं रिकामं ताट आलं. बंद व्हायची ती नुसती जेवणं नव्हेत, हे तिलाही कळत होतं. शनिवारी-रविवारी तर तो आधीपासूनच एकटा जेवायचा. पण मर्टी पडेल चेहऱ्याने उभा नव्हता. तो बॉयलरकडे बघून हळूच हसत होता, आणि मग त्याने आत जाऊन मांसाचा तिसरा तुकडा वाढून घेतला.

हे हसू काही बरोबर नाही, हे तिने ताडलं. मंडळी पांगली तशी ती कपाटासमोर उभी राहिली. बॉयलरच्या वर हातभर जागा रिकामी होती. मग हा एवढा खाली का टांगला? तीनदा मोजून?

ती परसात गेली. शेंगांच्या वेलातून जॅकीचा जळका रॉड उपटून काढला, एप्रनला पुसला आणि घरात आणला. टाकीच्या डोक्यावर उभा धरला. वरचं टोक बॉयलरच्या पोटाला टण्णकन लागलं. चार इंच जागा कमी होती.

"मर्टी!"

मर्टी तोंडातला घास गिळत आला. त्याने तिच्या हातातलं हत्यार ओळखलं आणि दाराच्या चौकटीला टेकला.

"सत्तावीस इंच," नोनी म्हणाली. "टाकीतला रॉड जळाला तर वर उपसायला सत्तावीस इंच लागतात. तू तेवीस ठेवलेस. रॉड बदलायचा तर अख्खा बॉयलर उतरवावा लागेल."

"दोन दिवसांचं काम," मर्टी नम्रपणे म्हणाला. "जेवून खाऊन तीन."

"वर जागा होती."

"होती की."

नोनीने रॉड खाली टेकवला, काठीसारखा. हसू येत होतं ते तिने दाबून धरलं. "किती वर्षांनी जळेल?"

"जॅकीचा किती टिकला?"

"नऊ."

"मग नऊ. तब्येत सांभाळ."

"गाढवा," नोनी म्हणाली, "आता पाणी कोण तापवणार?"

"बॉयलर."

"मग रॉड कशाला लागेल? लागला नाही तर जळेल कसा? तुझा तो रॉड माझ्या मयतीलाही नवाकोरा असेल."

मर्टी बॉयलरकडे बघत राहिला, मग टाकीकडे. आयुष्यात पहिल्यांदा त्याने काहीतरी पुढचा विचार करून केलं होतं, आणि तेही पुरतं केलं नव्हतं. त्याचा चेहरा आत्ता कुठे पडला. टोपी हातात घेऊन तो म्हणाला, "म्हणजे इथलं काम संपलंच."

"संपलंच," नोनी म्हणाली.

तो गेला. फाटकाशी त्याची गाडी दोनदा खोकली आणि चालू झाली. नोनीने कपबश्या विसळल्या, टेबलक्लॉथ झटकला, उरलेलं मांस झाकून ठेवलं. मग छोट्या खोलीत गेली. जॅकीच्या तसबिरीकडे मुद्दामच बघितलं नाही. पन्नास वर्षं रॉडचं जे बटण बंद आहे याची खात्री केल्याशिवाय ती कधी घराबाहेर पडली नव्हती, ते तिने खाली दाबलं. लाल दिवा लागला. तो तसाच ठेवून तिने कपाटाचं दार लावलं.

मग जुना रॉड परत रोवायला ती परसात गेली. यंदा वेल फार माजला होता. त्याला दुसऱ्या काठीची गरज होतीच.