गोळ्या चालू आहेत ना?

सरकारी दवाखान्यात बसलं की किस्से शोधायला जावं लागत नाही. ते केसपेपर काढून, नंबर लावून येतात! अहमदपूरजवळच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी डॉक्टर आहे. आमच्याकडं येणारे बहुतेक बीपीचे, शुगरचे, सर्दी-खोकल्याचे. म्हणजे आजार अगदी साधे. डोकं मात्र माझं फिरतं!

*

माधवरावांना मी बजावलं होतं, "शुगर तपासायची आहे, सकाळी उपाशीपोटी या."

आले. शुगर एवढी वर की मीच घाबरले.

"माधवराव, खाऊन आलात ना?"

"न्हाई हो मॅडम! आज कडक उपास हाय माझा."

"मग मिशीला काय लागलंय?"

"हे व्हय? साबुदाण्याची खिचडी. उपासाचीच हाय की!"

*

सर्दीनं बेजार झालेला एक तरणाताठा गडी. आल्या आल्या म्हणाला, "सुई मारा."

बाहेर ही गर्दी! तरी मी पेन खाली ठेवलं आणि नीट समजावलं. ही सर्दी आपोआप जाते, वाफ घ्या, आराम करा, उगाच टोचून घेऊ नये. तो इतक्या मन लावून मान हलवत होता की मला वाटलं, चला, आज एक तरी माणूस शहाणा झाला.

"कळलं ना?"

"हाव, समदं कळलं मॅडम." शर्टाची बाही वर करत म्हणाला, "हातात मारता का कमरंत?"

*

बीपीवाल्यांना मी कायम सांगते, मीठ कमी करा. एका आजोबांनी तर पारच सोडलं.

"भाजीत चिमूटभर बी न्हाई बघा!"

मी खूश. सिस्टरला हाक मारून म्हटलं, "पेशंट असावा तर असा!" मग बीपी मोजलं. मागच्यापेक्षा जास्त!

"आजोबा, अळणी भाजी घशाखाली उतरते तरी कशी?"

"लोणच्यासंगं!"

*

घरी तरी सुटका असावी? माझी आई नांदेडला असते. तिलाही बीपी. बरं वाटलं की गोळी बंद! फोनवर सांगून सांगून माझा घसा बसला. "हो गं बाई, डोकं नको खाऊ," एवढंच उत्तर.

परवा तिचा आपणहून फोन. आवाजात केवढा उत्साह!

"अगं, शेजारच्या काकू सांगत होत्या, बरं वाटलं तरी बीपीची गोळी सोडायची नसते म्हणे. तुला माहीत होतं का?"

*

या सगळ्यात गयाबाई मावशी म्हणजे माझा आधार. महिन्याच्या महिन्याला न चुकता यायच्या, बीपी मोजून घ्यायच्या, गोळ्या न्यायच्या. पण बीपी काही केल्या उतरेना. मी डोस वाढवला. गोळी बदलली. ढिम्म!

"मावशी, गोळ्या चालू आहेत ना?"

"चालू हायत की!"

एखाद्या दिवशी बाई झटका येऊन पडायची, या धास्तीनं मी त्यांना लातूरच्या मोठ्या डॉक्टरांकडं पाठवायचं ठरवलं. चिठ्ठी दिली, गोळ्या दिल्या.

दुपारी मी घरी जाताना त्या अहमदपूरच्या स्टँडवर दिसल्या. लातूरच्या एसटीच्या कंडक्टरला भाकरीचं गाठोडं देत होत्या. आणि त्याच्यावर ठेवत होत्या मी सकाळीच दिलेल्या गोळ्या.

मी धावतच गेले. "मावशी, ह्या कुणाला?"

"लेकाला. लातूरला कंपनीत हाय. त्याला बी बीपी निघालंय, पर दवाखान्याला सुट्टीच देईनात त्याला. गोळ्यांनी लई फरक पडला बघा!"

"अहो, आणि तुमच्या बीपीचं काय?" माझा आवाज चांगलाच चढला होता.

मावशींनी नवलानं माझ्याकडं बघितलं.

"माझं तुम्ही मोजता की दर महिन्याला!"