शेजारणीच्या आईचा वॉर्ड

जगातल्या झाडून सगळ्या इस्पितळांवर देखरेख करण्याचं काम आपल्याकडेच आहे, अशी पक्की खात्री असलेली एकच व्यक्ती मी आजवर पाहिली. ती म्हणजे आयर्लंडमधल्या कासलबार गावातल्या माझ्या शेजारणीची आई. शेजारीण इथल्या इस्पितळात डॉक्टर, मी तिथल्याच लॅबमध्ये. बाई मिरजेकडच्या एका सरकारी इस्पितळातून इन्चार्ज सिस्टर म्हणून निवृत्त झालेल्या आणि लेकीकडे तीन महिन्यांसाठी आलेल्या. पहिल्या भेटीत मी आदरानं "मावशी" म्हणालो, तर त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "मावशी म्हणजे वॉर्डातली आया. मी सिस्टर. आणि तू कोण? लॅब ना?" त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'लॅब' झालो. माझं नाव त्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही.

त्या आल्या आणि काही दिवसांतच टीव्हीवर एका ब्रिटिश इस्पितळ-मालिकेचा नवा सीझन सुरू झाला. दर मंगळवारी संध्याकाळी एक भाग. लेक बहुधा ड्यूटीवर, म्हणून सोबतीला मी. बाई त्या दिवशी इस्त्रीची साडी नेसत, अंबाडा घट्ट बांधत, पदराला घड्याळ टाचत आणि सोफ्याच्या कडेला ताठ बसत. टेकून बसणं हा त्यांच्या लेखी कामचुकारपणा. त्या साहेबी इंग्रजीतलं एक अक्षर त्यांना कळत नसे आणि त्याचं त्यांना काही वाटतही नसे. "पेशंट बोलतो कुठं? आपण तोंड बघायचं, नखं बघायची." कोण वाचणार नि कोण जाणार, हे त्या पहिल्या दहा मिनिटांत सांगून मोकळ्या होत, आणि शंभरातला एखादाच निकाल चुकत असे. एकदा एका म्हाताऱ्याला मृत घोषित केलं होतं, त्याची बायको हंबरडा फोडत होती, व्हायोलिन भरात आलं होतं, माझेही डोळे पाणावले होते, आणि बाई कडाडल्या, "अरे, पोट हलतंय त्याचं! कुणीतरी नाडी बघा की!" त्या नटाचा श्वास त्यांनी पकडला होता. पुढचे दोन भाग त्या 'जित्या माणसाला पोचवलं' म्हणून हळहळत राहिल्या.

पडद्यावरच्या नर्सेसचं तर काही खरं नव्हतं. "सलाईन संपत आलंय आणि ह्यांचं काय चाललंय कोपऱ्यात?" चादरींचे ढिले कोपरे पाहून त्यांचा जीव इतका कासावीस होई की एका मंगळवारी भाग संपताच त्या तडक माझ्या घरी आल्या आणि माझा पलंग लावून गेल्या. चादर अशी ताणलेली, की तिच्यात शिरायला मला कसरत करावी लागली.

फक्त एका प्रसंगी बाई गप्प होत. मालिकेत एक तरुण डॉक्टर मुलगी होती. प्रत्येक भागात कधी ना कधी ती कपड्यांच्या खोलीत शिरे, दार लावून घेई आणि तोंडावर टॉवेल दाबून रडे. पाचव्या भागात बाईंनी चक्क टीव्हीचा आवाज बंद केला. "लॅब, खरं सांग. आमची अशी रडते का रे?"

"छे हो, ती एकदम ग्रँड आहे," मी इथल्या सवयीनं म्हणालो.

"म्हणजे?"

"म्हणजे ठीक."

"मग ठीक म्हण की. एवढा मोठा शब्द कशाला?"

ती रडते की नाही, हे मला खरंच ठाऊक नव्हतं. लेक घरी येई, "दमलेय गं आई" म्हणे, दोन घास खाई आणि झोपे. काय झालं विचारलं तर "नेहमीचंच". "एकदा मला कामावर बघू दे तुला," असं बाईंनी किती वेळा म्हटलं असेल. पण वॉर्डात असं कुणाला नेता येत नाही, हेही खरंच होतं. मग बाई मालिकेत लेक शोधत होत्या. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

शेवटचा भाग आला त्या मंगळवारी. गुरुवारी बाईंचं विमान. ती रडणारी पोरगी नोकरी सोडते की राहते, हे त्या दिवशी ठरणार होतं. बाई साडी नेसून, घड्याळ टाचून तयार होत्या. मी रिमोट उचलला, तर म्हणाल्या, "ते राहू दे. मला इस्पितळात ने."

वॉर्डात नाही, पण खालच्या मोठ्या हॉलमध्ये कुणालाही बसता येतं. आम्ही तासभर बसलो. मग लिफ्टकडे जाणारी लेक दिसली. गळ्यात स्टेथोस्कोप, केस विस्कटलेले. वाटेत चाकाच्या खुर्चीतल्या एका आजोबांनी हात वर केला. ती थांबली, गुडघ्यावर बसली, त्यांचं घसरलेलं पांघरूण सारखं केलं, काहीतरी बोलली. आजोबा हसले, तीही हसली.

शेजारी हालचाल झाली म्हणून मी पाहिलं. बाई उठून उभ्या राहिल्या होत्या. डॉक्टर आले की सिस्टरनं उभं राहायचं, हा त्यांच्या काळच्या वॉर्डातला शिरस्ता. लिफ्टचं दार मिटेपर्यंत त्या उभ्याच होत्या. लेकीनं इकडे पाहिलंच नाही.

"हाक मारू का?" मी विचारलं.

"ड्यूटीवर आहे ती." मग खाली बसत म्हणाल्या, "रडत असेल रे. पण पेशंटला कळू देत नाही. चल, कुकर लावायचाय."

तिला सांगू नकोस, असं त्यांनी बजावलं होतं. महिनाभर मी ते पाळलंही. मग एका संध्याकाळी शेजारीण डबा परत द्यायला आली, आईचा विषय निघाला आणि माझ्याच्यानं राहवलं नाही.

"अरे, मग हाक का नाही मारली तिनं?"

"उभ्या राहिल्या होत्या," मी म्हणालो, "तू लिफ्टमध्ये जाईपर्यंत."

सिस्टरच्या क्वार्टर्समध्ये वाढलेल्या त्या मुलीला आणखी काही सांगावं लागलं नाही. खांद्यावरची बॅगही न उतरवता ती माझ्या ओट्याला धरून रडली, मोठ्यानं, दार उघडं ठेवून. अशा वेळी काय करायचं असतं, ते मला येत नाही. मला बाईंची फार फार आठवण आली.