हेस्टरच्या घरची शाळा

पडदा वर जातो, तेव्हा समोर स्वयंपाकघर. चुलीवर किटली, खिडकीबाहेर उत्तर इंग्लंडचे मेंढ्यांनी ठिपकलेले डोंगर. स्टुलावर उभी राहून आठ वर्षांची नेल वादळातल्या जहाजाची गोष्ट सांगतेय. तिची आई, हेस्टर टायसन, बटाटे सोलतेय. नेल अडखळते. मी पडले नटी. पुढचा शब्द माझ्या तोंडून निसटतोच.

"ए नाटकवाले!" हेस्टर सुरी रोखते. "मध्ये बोलायचं नाही. तिचं तिला सापडू दे."

दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. मी तिच्या माडीवर भाड्याने राहायची. हेस्टर मुलीला घरीच शिकवायची. एकदा वाचून दाखवायचं, मग मुलीने आपल्या शब्दांत सांगायचं. प्रश्न मात्र विचारायचा नाही. प्रश्न विचारला की मूल गोष्ट सोडून आपला चेहरा वाचू लागतं, असं ती म्हणे. आसपासच्या खोऱ्यांतल्या आया हे शिकायला तिच्या ओट्याशी येऊन बसत.

मग मुलीला शाळेत पाठवत नाही म्हणून हेस्टरवर खटला झाला. मुलगी शिकलेली दिसली नाही, तर सरकार तिला ताब्यात घेणार होतं.

"अगं, चार प्रश्नांची तालीम तरी घे," मी म्हटलं.

"तालमी तुझ्या तुला लखलाभ. माझ्या पोरीला सोंग आणायचं नाहीये."

न्यायाधीश तसे प्रेमळ होते. पुढे वाकून म्हणाले, "बाळ, आपल्या देशातल्या नद्या सांग बघू."

नेल वाट पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "आधी तुम्ही वाचून दाखवणार ना?"

सगळं कोर्ट हसलं. नेलचं तोंड मिटलं, ते मिटलंच.

"विचारू नका हो तिला! काहीतरी वाचून दाखवा!" हेस्टर ओरडली.

"खाली बसा, मिसेस टायसन."

नेल सरकारी वसतिगृहातून परतली ती मोठी होऊन. काहीही विचारा, चटकन उत्तर द्यायची. आपणहून मात्र अवाक्षर नाही. आया येत राहिल्या, त्यांची पोरं स्टुलावर चढून गोष्टी सांगत राहिली. तेवढ्यापुरती नेल बाहेर अंगणात जाऊन उभी राहायची.

हेस्टरच्या अखेरच्या दुखण्यात नेल उशाशी बसली होती, मी पायथ्याशी. मग कुणी न विचारता नेल म्हणाली, "आई, त्या दिवशी कोर्टातून मला गाडीत बसवलं ना..." आणि अडखळली.

नर्स औषध घेऊन आत आली. "चला आजी, तोंड उघडा बघू."

हेस्टरने बोट वर केलं.

"थांबा. ती सांगतेय."