कणकेच्या गोळ्या

सन एकोणीसशे सत्त्याऐंशी. माझं वय तेव्हा अठ्ठेचाळीस. शाळा तिसरीतूनच सुटली, म्हणून अक्षर वेडंवाकडं. ही गोष्ट मी आजवर कुणापाशी काढली न्हाई — बायको गेली, तिलाही न सांगताच जाऊ दिली. तुमची माझी ओळख न्हाई. तेच बरं हाय.

राणीसावरगावात मला मान होता. कुणाचं बांधाचं भांडण, कुणाची सोयरीक — माणसं माझ्या ओट्यावर यायची. मग थोरल्या मुलाचं, मधुकरचं, लग्न झालं. सून परभणीची, नाव शालन. तिच्या बापानं रुखवतात काय मांडावं? काचेची पेटी. आत लाल-सोनेरी मासे, आणि बुडबुडे सोडणारं विजेवरचं यंत्र. गावानं असली चीज कधी पाहिली नव्हती. बायका लेकरं कडेवर घेऊन बघायला यायच्या. माझ्या दारात यायच्या आणि विचारायच्या — शालन हाय का?

हे मला खुपलं. का खुपावं? सून माझी, पेटी माझ्या घरात. पण खुपलं.

तिचं काम लय रीतीचं. हापशाचं पाणी घागरीत भरून रात्रभर ठेवायची. सकाळी नळीनं पेटीतलं थोडंच पाणी काढायची, त्यासोबत तळाची घाण ओढून घ्यायची, मग घागरीतलं पाणी हळूहळू वतायची. सगळं पाणी कधीच बदलायची न्हाई. म्हणायची, मासा मुरलेल्या पाण्यातच जगतो. खाणं दिवसातून एकदा, चिमूटभर. लग्नाला तीन वर्षं होत आली, तरी एक मासा मेला नव्हता.

आमची रीत वेगळी. एकादशीला गंगाखेडला जायचं, गंगेत, म्हणजे गोदावरीत, माशांना कणकेच्या गोळ्या टाकायच्या. त्याचं पुण्य लागतं. एका एकादशीला जाणं जमलं न्हाई, तर म्हणलं मासे घरातच हायेत की. ओट्यावरची माणसं आत नेली, त्यांच्या देखत मूठभर गोळ्या पेटीवर धरल्या. शालन पदर सावरून पुढं आली. "मामा, इतकं टाकू नका. उरलेलं सडतं, पाण्याचं इख होतं. मासे मरतेत."

त्या माणसांतला एकजण हसला. "आता सुनंच्या हाताखाली शिका, दादा."

एवढंच घडलं. गोळ्या मी गाईला चारल्या, आणि मनात गाठ मारून ठेवली.

तेव्हापासून ती भाकरी घेऊन शेतात गेली की मी पेटीपाशी जायचो. गाईच्या नावानं बायकोकडून कणकेचा उंडा मागून घ्यायचो, कनवटीला लावायचो. मासे वेडे — दिसेल ते गिळतात. उरलेली कणीक वाळूत, दगडांखाली बोटानं दाबायचो. रोज. पुण्यासाठी टाकत होतो असं वाटतं का तुमाला? अजाणता? तिनं सांगितलं होतं की मरतात. म्हणून तर टाकत होतो.

पाणी दुधावानी झालं, वास मारायला लागलं. मासे वर येऊन तोंडं उघडी टाकायचे. शालन पाणी बदलायची, यंत्र खोलून बघायची, पुन्हा पाणी बदलायची. एकेक मासा पोट वर करून तरंगायला लागला, आणि ती पदरात घेऊन परसात पुरायची.

तिला तवर मूल नव्हतं. घरात सगळ्यांना डाचत होतं, बोलत कुणी नव्हतं. मी बोललो. पंगतीत, तिनंच थापलेली भाकरी मोडत — "हिच्या हातानं काही जगत न्हाई."

ते कुठं लागणार, मला ठाऊक नव्हतं का? निवडून बोललो होतो. गावानं ते वाक्य उचललं. बायकोनं मधुकरसाठी दुसरी पोरगी बघायची भाषा सुरू केली.

एक दिवस शालनला वाळूत कणीक सापडली. माझ्या नखात वाळलेली कणीकही तिनं पाहिली. मधुकरला म्हणाली, "मामाच टाकायलेत." बापावर आळ घेतला म्हणून त्यानं तिच्या मुस्काटात दिली — माझ्यासमोर. मी अडकित्त्यानं सुपारी कातरत होतो. कातरतच राहिलो. ती माझ्याकडं बघत होती. एक शब्द बोललो असतो तर — पण बोललो न्हाई. आणि खरं लिहितो, बरं वाटलं.

तिचा भाऊ न्यायला आला. पुन्हा ती नांदायला आली न्हाई. आमीच येऊ दिली न्हाई. पेटीत दोन मासे उरले होते. निघताना तिनं ते बरणीतून न्यायला मागितले. मी म्हणालो, रुखवतात आलं ते या घरचं. रिकामी बरणी तिनं तिथंच ठेवली. त्या दिवशीही तिनं घागर भरून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठलो. तिची घागर उचलली. नळीनं थोडंच पाणी काढलं, दगडांखालची कणीक सगळी ओढून घेतली, घागरीतलं पाणी हळूहळू वतलं. खाणं टाकलं — चिमूटभर. दोन्ही मासे वर आले. मग मधुकरला आणि त्याच्या आईला हाक मारली, पेटीपाशी उभं केलं आणि म्हणालो, "बघा. ती गेली, आणि मासे खायला लागले."