गाद्या आणि सुकट

आमची महाडची गल्ली लहान. सावित्रीचं पाणी वाढल्याचा भोंगा झाला की तळमजल्यावाल्यांनी सामान सरळ वरच्या मजल्यावर न्यायचं, विचारत बसायचं नाही, अशी इथली रीत. यंदा मात्र भोंगा झाला आणि माझी पंचाईत झाली. आदल्याच आठवड्यात मी वरच्या वहिनींशी त्यांच्या गॅलरीतल्या सुकटीच्या वासावरून कडाडून भांडलो होतो.

बायको म्हणाली, "आता ठेवा गाद्या तुमच्या नाकावर!"

मी गादी डोक्यावर घेऊन जिना चढलो. वहिनी दारातच उभ्या होत्या. मूळच्या खाडीकाठच्या दासगावच्या, बोलायला फटकळ; त्या कशाला सोडतात!

"या भावोजी. पण जागा सुकटीच्या डब्याशेजारीच हाय. गाद्यांना वास लागंल, चालंल ना?"

"वास? कसला वास, वहिनी?" मी गादीखालून म्हणालो.

त्या इतक्या हसल्या की दुसरी गादी उचलायला स्वतःच खाली आल्या.

पाणी आमच्या पायरीला लागून परत गेलं आणि गाद्या कोरड्या घरी आल्या. फक्त दुपारी आडवं झालं की झोपेऐवजी भूक लागायची. परवा शेवटी वाटी घेऊन मीच वर गेलो.